नवा फ्यूज टाकला तरी चार दिवसांनी पुन्हा उडतो: दोष कुठे शोधायचा

जुलैमधली रात्र. पुण्याहून साताऱ्याला येत होतो. शिरवळला वडापाव खाल्ला, डिकीतून पाण्याची बाटली काढली आणि निघालो. खंबाटकी चढायला लागलो तोच मीटरचा उजेड गेला. हेडलाइट चालू, वायपर चालू, गाणी चालू, फक्त वेगाचा काटा अंधारात. पावसात कुठेतरी ओल गेली असेल म्हणून तसाच चढत राहिलो. मागचा ट्रकवाला सारखा डिपर मारत होता, त्याला घाई असेल असं समजून मी बाजू दिली. तो शेजारी आला, काच खाली केली आणि ओरडला, "दादा, मागं पार काळोख हाय तुमच्या! एकबी लाइट न्हाई!"

मीटरचा उजेड, मागचे लाल दिवे, पुढचे पार्किंगचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा हे सगळं माझ्या गाडीत एकाच फ्यूजवर आहे, हे मला त्या रात्री कळलं. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज वेगळा, म्हणून ब्रेक दाबला की ते लागत होते. पाय ब्रेकवर नसेल तेव्हा मात्र माझी गाडी मागून दिसतच नव्हती, तीही घाटात, पावसात. त्यामुळे बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण एवढं आत्ताच लक्षात ठेवा: रात्री डॅशबोर्डचा उजेड अचानक गेला तर गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लावा, खाली उतरा आणि मागचे दिवे बघा.

पुढच्या पाच आठवड्यांत तोच फ्यूज सात वेळा उडाला. दोन गॅरेजं झाली. शेवटी दोष सापडला तो रविवारी सकाळी, घरासमोर, एक बल्ब आणि दोन वायरींच्या जोरावर. त्या पाच आठवड्यांत मी काय काय चुकीचं केलं आणि त्या सकाळी काय बरोबर केलं, तेच इथे लिहितो. तुमचा फ्यूज वायपरचा असेल, चार्जिंग सॉकेटचा असेल, तरी शोधायची रीत तीच.

आधी फ्यूज गेलाय का ते बघा

बहुतेक गाड्यांत फ्यूज बॉक्स दोन. एक बोनेटखाली बॅटरीच्या आसपास, दुसरा डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ. काही गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे लपवलेला असतो. काहींमध्ये दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला झाकण दिसतं, त्याच्या आत. झाकणाच्या उलट्या बाजूला नकाशा छापलेला असतो, पण तो सगळ्या मॉडेलांसाठी मिळून एकच असू शकतो. तुमच्या गाडीत नसलेल्या गोष्टींचीही नावं त्यात सापडतील. गाडीबरोबर आलेलं पुस्तक जास्त भरवशाचं.

किल्ली काढा, सगळे दिवे बंद करा, मगच फ्यूज उपसा. बॉक्समध्येच एक छोटा प्लॅस्टिकचा चिमटा अडकवलेला असतो, तो त्यासाठीच. पक्कड वापरू नका, फ्यूजचं प्लॅस्टिक फुटतं आणि एक पाय आत राहतो. नंतर तो पाय काढणं म्हणजे दातात अडकलेला बडीशेपेचा दाणा काढण्यासारखं.

चपट्या, दोन पायांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात आणि कंपनी कुठलीही असली तरी बदलत नाहीत. ५ अँपिअर फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. हे साध्या आणि मिनी आकाराच्या फ्यूजचं. बोनेटखाली जे थोराड फ्यूज असतात त्यांची रंगांची भाषा वेगळी, तिथे लाल म्हणजे ५०. म्हणून रंगावर जाऊ नका, डोक्यावर छापलेला आकडा वाचा. आकारही जुळायला हवा. दुकानात जाताना जुना फ्यूज खिशात टाकून न्यावा, वर्णन करत बसू नये.

आता तो गेला आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं असेल तर उजेडासमोर धरा. आतली इंग्रजी एस किंवा यू सारखी वळलेली पट्टी तुटलेली दिसते. पण कधीकधी केसाएवढी चीर असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मी पहिल्याच दिवशी असा एक गेलेला फ्यूज "चांगला आहे" म्हणून परत बसवला आणि अर्धा तास बल्ब बदलत बसलो. त्यापेक्षा टेस्ट लॅम्प वापरा. ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पेचकसासारखा दिसतो, मुठीत छोटा बल्ब आणि मागून वायर निघून चिमटा. चिमटा गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा. फ्यूज बॉक्समध्येच असू द्या. त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते तपासणीसाठीच ठेवलेले असतात. टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज ठीक. एकीकडे लागला, दुसरीकडे नाही, तर फ्यूज गेला. दोन्हीकडे नाही लागला तर त्या फ्यूजपर्यंत करंटच आलेला नाही, मग किल्ली चालू करून किंवा दिव्याचं बटण दाबून पुन्हा बघा. मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं छोटं यंत्र) असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून हेच करता येतं. फ्यूज न उपसता सगळा बॉक्स दोन मिनिटांत तपासून होतो.

गेलेला फ्यूज फेकू नका

पहिले तीन मी फेकून दिले. चौथा खिशात राहिला म्हणून वाचला, आणि तो नीट बघितल्यावर माझी अक्कल थोडी जागेवर आली.

पट्टी मधोमध हळूच वितळून तुटलेली असेल, प्लॅस्टिक स्वच्छ असेल, तर बहुधा ओव्हरलोड. म्हणजे वायर ठीक आहे, पण त्या वायरीवरचं काहीतरी झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतंय. पट्टीचा मोठा भाग गायब, आतून प्लॅस्टिक काळं, धातूचे शिंतोडे उडालेले, असं दिसलं तर थेट शॉर्ट. करंटला बॉडीपर्यंत आडवाट सापडली आहे. आणि पट्टी शाबूत पण पायाजवळचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, वितळलेलं असेल तर दोष फ्यूज बसतो त्या खाचेत. खाच सैल झाली की तिथे उष्णता साचते. ब्लोअरच्या ३० अँपिअरच्या फ्यूजला हे बऱ्याचदा होतं. असा फ्यूज कितीही वेळा बदला, आतली पकड घट्ट किंवा नवी केल्याशिवाय तो पुन्हा भाजणारच.

माझा चौथा फ्यूज आतून काळा होता.

हिशोबही हेच सांगत होता. पुढचे दोन, मागचे दोन, नंबर प्लेटचे दोन, असे ५ वॅटचे सहा बल्ब. तीस वॅट भागिले बारा व्होल्ट म्हणजे अडीच अँपिअर. मीटरचा उजेड धरला तरी तीनच्या आसपास. फ्यूज १० चा. तीन अँपिअरच्या कामाला १० चा फ्यूज ओव्हरलोडने उडणं शक्यच नाही. म्हणजे बल्ब, स्विच, बॅटरी यांच्यावर शंका घेण्यात अर्थ नव्हता. कुठेतरी वायर उघडी पडून लोखंडाला लागत होती. हा तिसरीतला भागाकार मी पहिल्या दिवशी केला असता तर दोन गॅरेजची बिलं वाचली असती. पहिल्या ठिकाणी स्टिअरिंगजवळचा दिव्यांचा अख्खा स्विच बदलून दिला होता. चार दिवस बरे गेले.

फ्यूज उडायला किती वेळ लागतो यावरूनही बरंच कळतं. मर्यादेपेक्षा दहा टक्के जास्त करंट गेला तर फ्यूज उडत नाही. तेवढा भार किमान शंभर तास पेलावा असं त्याचं मानकच आहे. दुप्पट करंट गेला तर पाच सेकंदांच्या आत उडतो. थेट शॉर्टमध्ये तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून हवा भरायचा छोटा पंप सॉकेटला लावला आणि तिसऱ्या टायरला फ्यूज गेला, तर तो ओव्हरलोड. बटण दाबताक्षणी गेला तर शॉर्ट. आणि माझ्यासारखं, दोन दिवस काहीच नाही आणि मग अचानक, तर हलणारा शॉर्ट. हा सगळ्यात त्रासदायक, कारण गॅरेजमध्ये गाडी उभी केली की तो शहाण्या मुलासारखा वागतो.

मोठा फ्यूज, चांदी आणि तार

दुसऱ्या गॅरेजने काय केलं ते मला नंतर कळलं. त्यांनी कपलरवर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडावर, फवारा मारला, "पाणी गेलं होतं साहेब, आता नाही उडणार," असं सांगितलं, आणि खरंच आठवडाभर उडाला नाही. मग मी सहज झाकण उघडलं तर लालच्या जागी पिवळा. दहाच्या जागी वीस.

ही सवय आपल्या घरातून आली असावी असं मला वाटतं. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असायचे तेव्हा प्रत्येक घरात तारेचं भेंडोळं असायचं. फ्यूज गेला की एक पदर घालायचा, पुन्हा गेला की दोन पदर. माझ्या आजोबांनी तर एकदा गणपतीच्या दिवसांत माळा चालाव्यात म्हणून चक्क बांधायची तार घातली होती. गाडीत तेच सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीने करतात. पाय गुंडाळायचे आणि ठोकून बसवायचा.

फ्यूज वायरीसाठी असतो. बल्ब गेला तर गेला, दुसरा मिळतो. पण पार्किंगच्या दिव्याची वायर शेवयीएवढी बारीक असते आणि ती जाड जुडग्यात इतर वीस-पंचवीस वायरींच्या गळ्यात गळा घालून जाते. तिच्यातून २० अँपिअर जायला लागले की ती हीटरची कॉइल होते. आपलं आवरण वितळवते, शेजारणीचंही. माझ्या गाडीत ते झालंच. पिवळा फ्यूज बसवल्यानंतर एके दुपारी ब्रेक दाबला की मीटर उजळतोय असं दिसलं. दिवे बंद असताना! मला आधी गंमत वाटली, मग पोटात गोळा आला. डिकीतल्या वरच्या ब्रेक लाइटची वायर आणि पार्किंगची वायर वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे ब्रेकचा करंट उलट्या वाटेने डॅशबोर्डात येत होता. लाल फ्यूजवर राहिलो असतो तर एक वायर दुरुस्त करून भागलं असतं, आता दोन झाल्या.

तेव्हा आकडा छापलेला असेल तोच. हाताशी नसेल तर रात्रीपुरता कमी आकड्याचा घाला, जास्तीचा नको. अगदी रस्त्यात अडकलात तर त्याच आकड्याचा फ्यूज सॉकेट किंवा म्युझिक सिस्टिमचा काढून दिव्यांना लावता येतो. आणि फ्यूज नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. शंभर नगांची स्वस्त डबी ऑनलाइन मिळते, पण त्यातले काही फ्यूज छापलेल्या आकड्याला उडतच नाहीत, म्हणजे पुन्हा तारच घातल्यासारखं.

वही

पिवळा काढून लाल बसवला. तो दोन दिवसांत गेला, आणि तिथून मी लिहायला लागलो. तारीख, वेळ, पाऊस होता का, दिवे चालू होते का, रस्ता कसा होता आणि आधीच्या दहा मिनिटांत काय केलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा.

आधीच्या तीन वेळा आठवून लिहिल्या. शिरवळला पाण्याची बाटली. एकदा मंडईतून भाजीच्या पिशव्या डिकीत टाकल्या होत्या, संध्याकाळी दिवे लावूनच उभा होतो. एकदा पाहुण्यांच्या बॅगा. पाऊस तिन्हींपैकी एकदाच. म्हणजे पाणी गेल्याची गोष्ट तिथेच संपली. आताच्या नोंदीत मात्र डिकीचा संबंध नव्हता, म्हणून मी तो धागा सोडणार होतो. रात्री जेवताना मुलाला विचारलं तर म्हणाला, "बाबा, बॅट काढली होती ना मी डिकीतून, तुम्ही फोनवर होता." फोनवर होतो, इंजिन चालू, दिवे चालू.

दिवसा आम्ही डिकी दहादा उघडत असू, पण तेव्हा दिवे बंद, वायरीत करंट नाही, त्यामुळे काही होत नव्हतं. दिवे चालू आणि डिकी हलली, या दोन गोष्टी एका वेळी झाल्या की फ्यूज जायचा. तोही दर वेळी नाही.

फ्यूजच्या जागी बल्ब

ही युक्ती जुन्या वायरमन लोकांना पाठ असते. खाचेत फ्यूज बसवण्याऐवजी २१ वॅटचा बल्ब जोडायचा, इंडिकेटरचा साधा एका फिलामेंटचा. होल्डरच्या दोन वायरी खाचेच्या दोन बाजूंना. मी गेलेल्या एका फ्यूजचं प्लॅस्टिक फोडून त्याच्या दोन पायांना वायरी झाळल्या, तोच खाचेत बसवला. पाच आठवड्यांत एवढे फ्यूज जमवले होते, एक कामी आला.

आता शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, बल्बच अडवतो. वायर तापत नाही, फ्यूजांची रास लागत नाही, आणि शॉर्ट आहे तोवर बल्ब पूर्ण प्रखर पेटून सांगत राहतो. शॉर्ट सुटला की मंद होतो किंवा विझतो. फ्यूज एकदाच काय ते सांगतो आणि मरतो, हा बोलत राहतो.

एक काळजी घ्यायची. सर्किटमधले चांगले बल्ब जागेवर असतील तर त्यांच्यातूनही करंट जातो आणि तुमचा बल्ब अर्धवट पेटलेला दिसतो. फरक कळत नाही. म्हणून मागचे, पुढचे, नंबर प्लेटचे बल्ब काढून ठेवा. मल्टिमीटरने ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजणाऱ्यांची फसगत इथेच होते. ५ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे २९ ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. असे सहा समांतर जोडलेले असले की मीटर अर्धा ओहम दाखवतो आणि माणूस "शॉर्ट आहे, शॉर्ट आहे" म्हणून नाचायला लागतो. शॉर्ट नसतोच. ओहम मोजायचेच असतील तर बॅटरीची मायनस तार सोडवून, बल्ब काढून मोजा.

तर रविवारी सकाळी सगळे बल्ब काढले, दिव्याचं बटण चालू केलं, बल्ब खाचेत जोडून ड्रायव्हरच्या पायाशी ठेवला. मीटरच्या उजेडापुरता तो मिणमिणत होता. मुलाला म्हटलं, डिकी उघड, पण मुंगीच्या पावलाने. उघडली, काही नाही. बंद केली, काही नाही. दुसऱ्यांदा एक तृतीयांश उघडली आणि बल्ब भक्कन पेटला. "तिथंच थांब!" म्हणून मी असा ओरडलो की समोरच्या काकू गॅलरीत आल्या.

डिकीच्या बिजागरीजवळ, गाडीच्या छतातून डिकीच्या दारात जाणारी एक काळी, घड्या घड्यांची रबरी नळी असते. आतून वायरींचं जुडगं जातं. मागचं दार वर उघडणाऱ्या गाड्यांत डिकी प्रत्येक वेळी उघडताना या वायरी वाकतात, बंद करताना सरळ होतात. नऊ वर्षं, दिवसाला चार-पाच वेळा, करा हिशोब. आवरण कडक होतं, तडकतं, आतली तांब्याची तार उघडी पडते आणि रबर सरकलं की पत्र्याच्या कडेला लागते. खात्री करायला मी मागच्या खांबावरचं प्लॅस्टिक काढून डिकीकडे जाणारा कपलर सोडवला. आता डिकी कशीही हलवा, बल्ब जागचा हलेना. दोष कपलरच्या पलीकडे, म्हणजे त्या वीतभर नळीतच.

तुमच्या बाबतीत दोष डिकीजवळ नसेल तर वायर जिथे जिथे वाकते, घासते किंवा पत्र्याच्या भोकातून जाते ती ठिकाणं क्रमाने हलवून बघा. दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी. सीटच्या रुळाखाली, सीट मागेपुढे केली की चिमटणारी वायर. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतलं भोक. मागच्या दिव्याचा पाणी साचलेला होल्डर. आणि नंतर बसवलेलं जे काही असेल ते: रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, दोन नळ्यांचा हॉर्न. खरं तर नंतर बसवलेल्या गोष्टींपासूनच सुरुवात करावी. मॅटवर नाहीतर नंबर प्लेटवर मारलेला लांब स्क्रू जुडग्यात घुसलेला मी एका मित्राच्या गाडीत पाहिला आहे. पावसाळ्यात बोनेटखाली उंदीर येतात ते वेगळंच. तंबाखू, डांबरगोळ्या, सगळं लोक ठेवतात. माझ्याकडे फक्त गाडी रोज हलवल्याने फरक पडला.

अगदी नव्या गाड्यांत एक अडचण आहे. दिवे थेट फ्यूजवरून न चालता कॉम्प्युटरच्या एका डब्यातून चालतात. शॉर्ट दिसला की तो डबा स्वतःच करंट तोडतो, फ्यूज शाबूत आणि दिवा बंद. अशा ठिकाणी बल्बची युक्ती गोंधळ करते. तिथे आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) लावून घ्यावा.

वायर जोडताना

रबरी नळी दोन्ही टोकांनी खाचेतून सुटते, जरा कोमट पाण्याचा फडका फिरवला की कडक रबरही ऐकतं. आत पाहिलं तर दोन वायरी चिकटलेल्या, तिसरीचं आवरण तडकलेलं, चौथीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. म्हणजे उडणारा फ्यूज नसता तरी पुढच्या सहा महिन्यांत मागचा वायपर नाहीतर काच गरम करणारी जाळी बंद पडलीच असती.

बॅटरीची मायनस तार आधी सोडवा. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. मग तुटक्या जागी नुसती टेप गुंडाळू नका. पीव्हीसी टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो, पत्र्याखाली मे महिन्यात तो राहणारच नाही. खराब भाग कापून टाका आणि तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचिक वायर जरा लांब घेऊन जोडा. सांधा नळीच्या आत नको. झाळलेला सांधा कडक होतो आणि वाकून वाकून तिथेच तुटतो. एक सांधा छताच्या आत, दुसरा डिकीच्या दारात, वाकणाऱ्या भागात फक्त अखंड वायर. सगळ्या वायरींचे सांधे एकाच रेषेत आले तर जुडगं तिथे जाड होतं आणि भोकातून जात नाही, म्हणून ते मागेपुढे ठेवा. प्रत्येकावर उष्णतेने आवळणारी नळी, वरून कापडी टेप. ही आवळणारी नळी सांधा झाळण्याआधीच वायरीवर ओवून ठेवायची असते. मी दोनदा विसरलो.

एकेक वायर कापा आणि लगेच जोडा. सगळ्या एकदम कापल्या तर रंग जुळवत रात्र होईल.

शेवटी दिवे लावून, बल्ब खाचेत तसाच ठेवून डिकी वीस वेळा उघडमिट केली. मग लाल फ्यूज. त्याला आता सात महिने झाले.

बाकीच्या फ्यूजबद्दल थोडक्यात

चार्जिंग सॉकेटचा फ्यूज जात असेल तर आधी आत टॉर्च मारा. एक रुपयाचं नाणं किंवा तुटलेल्या चार्जरच्या टोकाची टिकली तळाशी सापडते. काढण्याआधी फ्यूज उपसा, मगच चिमटा घाला. हेडलाइटचा जात असेल आणि कोणी १०० वॅटचे बल्ब बसवले असतील तर उत्तर तिथेच आहे. ६० वॅटचा बल्ब पाच अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठच्या वर, असे दोन. वायपरचा पहिल्या पावसात जात असेल तर काचेच्या खालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढा आणि दांड्यांचे सांधे हाताने फिरतात का ते बघा, बऱ्याचदा मोटर चांगली असते आणि सांधे गंजलेले असतात. हॉर्नचा जात असेल तर हॉर्न उलटा करून बघा, आतून पाणी पडतं का. इंजिनच्या सेन्सरचा फ्यूज घाटातच जात असेल तर सायलेन्सरजवळ जाणारी ऑक्सिजन सेन्सरची वायर भाजली आहे का पाहा. रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज गेला तर मात्र गाडी चालवू नका. पंख्याचं बेअरिंग अडकलं असण्याची शक्यता जास्त, आणि तसंच चालवलं तर इंजिन तापून हेड गास्केटपर्यंत प्रकरण जातं.

पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, फ्यूजच्या जागी बल्बही नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड केबल शेकडो व्होल्टच्या असतात. तिथे मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.